आठवणी गेल्या म्हणजे माणूस गेला का? आपली ओळख मेंदूत कुठे असते

घरातल्या वयस्कर माणसाला नातवंडांची नावं आठवेनाशी झाली की आपण हळहळून म्हणतो, "आता ते पहिल्यासारखे राहिले नाहीत." या हळहळीमागे एक समजूत दडलेली असते : माणूस म्हणजे त्याच्या आठवणी. त्या पुसल्या की माणूस संपला, देह तेवढा उरला. मला ही समजूत बरीचशी चुकीची वाटते, आणि तिच्यामुळे घरोघरी नुकसान होतं असंही वाटतं. आठवणी गेलेल्या माणसाला आपण वेळेआधीच हिशेबातून वगळतो. आणि ज्याच्या आठवणी शाबूत आहेत पण मेंदूचा दुसराच भाग बिघडलाय, त्याचा आजार आपल्याला ओळखूच येत नाही. आपल्याला दिसतो तो फक्त फिरलेला स्वभाव.

मेंदूचा कोणता भाग आपल्या ‘मी’ असण्यात काय भर घालतो, हे बहुतांशी अपघातांतून, ऑपरेशनांतून आणि आजारांतून कळत गेलं आहे. अमुक भाग गेला, मग माणसातलं काय गेलं आणि काय उरलं, असं बघत बघत. त्यामुळे ही सगळी माहिती कुणाच्या ना कुणाच्या दुःखातून आलेली आहे, हे वाचताना लक्षात असू द्यावं.

हेन्री मोलेसन हा अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला तरुण. लहानपणापासून त्याला फिट्स यायच्या आणि त्या इतक्या वाढल्या की कामावर जाणं अशक्य झालं. १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या सर्जननी त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिपोकॅम्पस आणि आसपासचा भाग काढून टाकला. हिपोकॅम्पस म्हणजे साधारण कानांच्या पातळीवर, पण खूप आत असलेला, बोटाएवढा वळलेला भाग. फिट्स बऱ्याच कमी झाल्या. पण त्या दिवसापासून हेन्रीच्या डोक्यात नवी घटना टिकेनाशी झाली. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की पुन्हा नव्याने ओळख. माँट्रियलच्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला वर्षानुवर्षं तपासलं, आणि त्याच्या लेखी त्यांची प्रत्येक भेट पहिलीच होती. २००८ मध्ये तो वारला. तोपर्यंत शास्त्रीय जगात तो ‘एच. एम.’ एवढ्या दोन अक्षरांनीच ओळखला जाई.

गावच्या दप्तरात जमिनीचा व्यवहार आधी फेरफार वहीत चढतो आणि तिथे मंजूर झाला की सातबाऱ्यावर उतरतो. हिपोकॅम्पसचं काम त्या फेरफार वहीसारखं आहे. रोजच्या प्रसंगाची पहिली नोंद त्याच्या आधाराने होते आणि यथावकाश ती मेंदूच्या पृष्ठभागावरच्या जाळ्यात पक्की होत जाते. हेन्रीची ही वहीच गेली. आईवडील, शाळा, दुसरं महायुद्ध हे सगळं त्याला ठाऊक होतं. जुन्या प्रसंगांचे बारकावे पुसट झाले होते, पण आपण कोण, कुठले, हे पक्कं होतं. नव्या नोंदी मात्र जवळजवळ थांबल्या.

आता उरलं काय ते पाहा. हेन्रीला भेटलेले सगळे सांगतात की तो अतिशय सभ्य, मृदू, बारीकसारीक विनोद करणारा माणूस होता. शब्दकोडी सोडवायला त्याला आवडायचं. मिल्नर यांनी त्याला एक काम दिलं होतं : कागदावरची चांदणी थेट न बघता, आरशातल्या प्रतिमेकडे बघून गिरवायची. आरशात दिशा उलटी होते, त्यामुळे कुणाचाही हात सुरुवातीला भरकटतो. हेन्रीचाही भरकटला. पण तीन दिवस सराव केल्यावर त्याची रेघ सफाईदार झाली, आणि हा सराव आपण केलाय याची त्याला सुतराम कल्पना नव्हती. वाटलं होतं त्यापेक्षा हे सोपं निघालं, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. हाताला लागलेलं वळण मेंदूच्या वेगळ्याच भागांत बसतं, बेसल गँग्लिया आणि लहान मेंदूत. सुगरणीच्या हाताचा अंदाज, तबलजीची बोटं, सायकलचा तोल हे सगळं प्रसंगांच्या आठवणींपासून वेगळं टिकून राहतं.

हेन्रीची आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्याच ऑपरेशनमध्ये त्याचा अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भागही मोठ्या प्रमाणात गेला होता. पुढे संशोधकांनी जेवणाआधी आणि जेवणानंतर त्याला विचारलं, भूक किती आहे? उत्तरात फरक नाही. पोटभर जेवल्यावर थोड्या वेळाने दुसरं ताट समोर ठेवलं तर तेही त्याने जवळपास संपवलं. वेदनेबद्दलही तो क्वचितच तक्रार करायचा. जेवल्याचा विसर पडला एवढंच हे स्पष्टीकरण पुरत नाही, कारण पोट भरल्याची जाणीवही त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. पोटातून, छातीतून, कातडीतून येणारे संदेश वाचणं हाही ‘मी’ असण्याचा भाग आहे. एरवी तो गृहीत असतो, म्हणून जाणवत नाही.

आठवणीचा प्रश्न इथे संपत नाही. टोरांटोजवळच्या केंट कॉक्रन या तरुणाला १९८१ मध्ये मोटरसायकलचा अपघात झाला. डोक्याला जबर मार बसला. एंडेल टुल्व्हिंग या मानसशास्त्रज्ञांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. केंटला जगाची माहिती होती, बुद्धिबळ खेळता येत होतं, आपलं घर कुठलं हेही माहीत होतं. पण स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग त्याला आतून आठवत नव्हता. आपण त्या खोलीत होतो, असं वाटलं होतं, अमुक बोललो होतो, असा एकही नाही. त्याला विचारलं, उद्या काय करणार? तिथेही कोरंच. भूतकाळात मागे जाणं आणि भविष्यात पुढे जाणं ही दोन्ही कामं मेंदू बऱ्याच अंशी एकाच यंत्रणेने करतो, ही मोठी गोष्ट त्यामुळे पुढे आली.

टुल्व्हिंग यांनी १९९३ मध्ये जे मांडलं ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. अपघातानंतर केंटचा स्वभाव बदलला होता. आधी तो बडबड्या, धाडसी होता, नंतर शांत झाला. त्याच्यापुढे स्वभावाचं वर्णन करणाऱ्या शब्दांची यादी ठेवली आणि विचारलं, यातलं तुला काय काय लागू पडतं? त्याच यादीवरून त्याच्या आईलाही त्याचं वर्णन करायला सांगितलं, आधीच्या केंटचं वेगळं आणि आताच्या केंटचं वेगळं. केंटची उत्तरं आताच्या केंटशी जुळली. म्हणजे अपघातानंतरचा एकही प्रसंग आठवत नसताना, आपण कसे आहोत हे त्याला कळत होतं, आणि ते ज्ञान ताजंही होतं. ‘मी भित्रा आहे’, ‘मी मायाळू आहे’ हे कळायला एकेक घटना आठवावी लागत नाही. स्वभावाचं सार मेंदू वेगळं काढून ठेवतो.

मग माणूस ‘तो’ राहत नाही, असं घरच्यांना कधी वाटतं? त्यासाठी कपाळामागे जावं लागेल.

१३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचं काम चालू होतं. फिनिअस गेज हा २५ वर्षांचा मुकादम. सुरुंगाच्या भोकात दारू ठासत असताना ठिणगी पडून स्फोट झाला आणि त्याच्या हातातली लोखंडी पहार डाव्या गालाखालून शिरून, डोळ्यामागून, कवटीच्या माथ्यातून आरपार बाहेर पडली. सव्वा इंच जाडीची, साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलो वजनाची पहार. गेज काही मिनिटांत बोलायला लागला आणि बैलगाडीत बसून गावात आला. जंतुसंसर्गातून जगला. चालणं, बोलणं, आठवण सगळं शाबूत. पण त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर जॉन हार्लो यांनी पुढे लिहून ठेवलं की त्याच्या ओळखीच्यांच्या मते हा ‘गेज उरला नाही’. आधी समंजस, कामात चोख असलेला माणूस आता शिवराळ झाला, लहरी झाला, बेत करायचा आणि सोडून द्यायचा. कंपनीने त्याला मुकादम म्हणून परत घेतलं नाही.

ही कथा बहुतेक ठिकाणी इथेच थांबवतात, आणि तो त्या माणसावर अन्याय आहे. १८५२ च्या सुमारास गेज चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं त्याने घोडागाडी हाकली. बरेच घोडे जोडलेली, प्रवाशांनी भरलेली, लांब पल्ल्याची गाडी. पहाटे उठायचं, घोडे तयार करायचे, उतारूंशी नीट वागायचं, वेळेत पोचायचं. पूर्णपणे बेताल झालेल्या माणसाला हे जमणार नाही. मॅल्कम मॅकमिलन यांच्यासारख्या अभ्यासकांचं म्हणणं असं, की ठरावीक दिनक्रमाच्या आधाराने त्याचं वागणं बरंच सावरलं असावं. मला हे म्हणणं पटतं. १८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फिट्स येऊन तो वारला. त्याची कवटी आणि ती पहार हार्वर्डच्या संग्रहालयात आहेत.

कपाळामागच्या या भागाला फ्रंटल लोब म्हणतात. त्यातही डोळ्यांच्या खोबणीच्या वरचा आणि मधला भाग आपल्या वागण्याच्या दृष्टीने कळीचा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात काम करताना न्यूरॉलॉजिस्ट अँटोनिओ डमासिओ आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण अभ्यासले ज्यांचा हाच भाग गाठीमुळे किंवा इतर कारणांनी गेला होता. बुद्धिमत्तेच्या चाचणीत ते उत्तम. नीतीचे प्रश्न कागदावर विचारले तर उत्तरं योग्य. प्रत्यक्षात मात्र नोकरी गेली, पैसे बुडाले, संसार मोडला. अशाच एका रुग्णाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखांपैकी एक निवडायला सांगितलं. तो वही काढून बसला आणि जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांचे फायदे-तोटे सांगत राहिला, तर्काला धरून, न थकता. शेवटी दुसरी तारीख घ्या म्हटल्यावर लगेच "ठीक आहे" म्हणाला. आपण रोज शेकडो निर्णय घेतो ते तर्काच्या जोरावर, असं आपल्याला वाटतं. खरं तर ‘हे नको’, ‘हे बरं’ असा एक कौल आतून आधीच मिळालेला असतो. मधला फ्रंटल भाग त्या कौलाला विचारांशी जोडतो. तो गेला की सगळेच पर्याय सारखे वाटू लागतात, आणि समोरच्याचं दुखणंही पोचेनासं होतं.

आता आपल्या घरांकडे येऊ. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया नावाचा आजार आहे. त्यात मेंदूची झीज कपाळामागच्या आणि कानशिलाजवळच्या भागांपासून सुरू होते. अनेकदा पन्नाशी-साठीत, म्हणजे माणूस अजून कामावर असताना. स्मरणशक्ती सुरुवातीला चांगली असते, म्हणून डिमेन्शियाची शंका कुणालाच येत नाही. दिसतं ते असं : आयुष्यभर काटकसरीने राहिलेले गृहस्थ वाटेल तसा खर्च करू लागतात. लग्नकार्यात पाहुण्यांसमोर नको ते बोलतात. बायको तापाने फणफणलेली असताना "चहा कुठाय?" विचारतात. सतत गोड खात सुटतात. एकच म्हण, एकच गाणं, एकच फेरी दिवसभर चालू. नातेवाईक म्हणतात, "म्हातारचळ लागलाय." कुणी म्हणतं, "साठी बुद्धी नाठी." बायकोला सल्ला मिळतो की तूच जरा समजून घे. भांडणं होतात, मुलं बोलायची बंद होतात, काही घरांत प्रकरण घटस्फोटापर्यंत जातं. या सगळ्याच्या मुळाशी कपाळामागे झिजत चाललेल्या पेशी असतात, हे कळायला कधी कधी वर्षं जातात.

नीना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकोल्स यांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन आजारांच्या रुग्णांच्या २४८ नातेवाइकांना त्यांनी विचारलं, तुमचा माणूस अजून ‘तोच’ वाटतो का? एक आजार अल्झायमर, ज्यात आठवण जाते. दुसरा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, ज्यात वागणं बदलतं. तिसरा एएलएस, ज्यात शरीर लुळं पडत जातं पण मन बहुधा शाबूत राहतं. ‘हा तो राहिला नाही’ असं सगळ्यात जास्त फ्रंटोटेम्पोरलच्या रुग्णांच्या घरच्यांना वाटलं, सगळ्यात कमी एएलएसच्या. आणि बारकाईने पाहिल्यावर दिसलं की ओळख तुटल्याची भावना आठवण जाण्याशी फारशी बांधलेली नव्हती. ती बांधलेली होती नैतिक गुणांशी : दया, प्रामाणिकपणा, दुसऱ्याची काळजी, विश्वास. आपण एखाद्याला ‘तो’ म्हणून ओळखतो ते तो इतरांशी कसा वागतो यावरून, आणि ते सांभाळणारी यंत्रणा मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागात आहे. त्या भागाचा आजार घरच्यांना इतका का झोंबतो, याचं उत्तर मला इथे मिळतं.

म्हणून चाळिशीनंतर कुणाचा स्वभाव काही महिन्यांत ठळकपणे पालटला, तर त्याला दोष देण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं. जाताना रुग्णासोबत जवळचं माणूस हवंच, कारण आपल्यात काही बदललंय हे रुग्णाला स्वतःला बहुधा मान्य नसतं, आणि पाच-दहा मिनिटांच्या तपासणीत तो अगदी व्यवस्थित बोलू शकतो. कधीपासून, नेमकं काय काय, हे घरूनच लिहून न्यावं. कधी कधी यामागे बरा होऊ शकणारा आजारही निघतो, जसं थायरॉइडची गडबड, ब जीवनसत्त्व १२ ची कमतरता, किंवा एखादी गाठ.

‘मान्य नसतं’ असं म्हटलं, तर त्याचं टोकाचं रूप अर्धांगवायूच्या वॉर्डात दिसतं. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला की शरीराची डावी बाजू लुळी पडते, कारण डाव्या बाजूचा कारभार उजवीकडून चालतो. अशा काही रुग्णांना आपण लुळे पडलोय हेच कळत नाही. डॉक्टर म्हणतात, "आजी, डावा हात वर करा." हात अंथरुणावर तसाच. "केला का?" "केला की." "मला नाही दिसला." "खांदा दुखतोय ना, म्हणून थोडासाच उचलला." काही जण तर सांगतात की हा हात माझा नाहीच, दुसऱ्या कुणाचा तरी आहे. नातेवाइकांना वाटतं, हट्ट आहे किंवा धक्क्याने भ्रम झालाय. फ्रेंच न्यूरॉलॉजिस्ट जोझेफ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये या अवस्थेचं वर्णन करून तिला नाव दिलं. मेंदूच्या उजव्या बाजूचे काही भाग ‘हे शरीर माझं आहे आणि ते आत्ता असं आहे’ हा हिशेब क्षणोक्षणी ताजा ठेवतात. त्यांनाच इजा झाली तर जुनाच हिशेब चालू राहतो, आणि त्या हिशेबात हात धडधाकट असतो. विशेष म्हणजे अशा काही रुग्णांच्या डाव्या कानात डॉक्टरांनी थंड पाणी सोडलं तेव्हा थोडा वेळ भान परत आलं आणि ते म्हणाले, हो, हात हलत नाही. काही वेळाने पुन्हा नकार सुरू. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेमार्फत मेंदूची उजवी बाजू तेवढ्यापुरती जागी झाली असावी. हा उपचार नव्हे, घरी करून बघायची गोष्ट तर अजिबात नव्हे. पण तो नकार जाणूनबुजून केलेला नसतो, एवढं त्यातून सिद्ध होतं.

याच उजव्या बाजूच्या, विशेषतः कानामागे वरच्या अंगाला असलेल्या भागाच्या इजेत रुग्णाचं डावं जगच हरवतं. ताटातलं उजवीकडचं जेवतो, डावीकडचं तसंच राहतं. इटलीतल्या मिलान शहरात एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुत्साती यांनी १९७८ मध्ये असे दोन रुग्ण नोंदवले. दोघेही मिलानचेच, शहराचा मुख्य चौक त्यांना पाठ. त्यांना सांगितलं, कल्पना करा की तुम्ही चौकात कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात, काय काय दिसतं? त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या गाळल्या. मग सांगितलं, आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवरून चौकाकडे बघताय. आता मघाशी गाळलेल्या इमारती आल्या आणि मघाच्या गायब झाल्या. आठवण दोन्ही बाजूंची होती, पण मनासमोर चित्र उभं करताना डावी बाजू उमटत नव्हती. अनुभव घेणं म्हणजे डोळ्यांतून जग आत येणं, इतकं ते सरळ नाही. आठवतानाही मेंदू प्रत्येक वेळी नव्याने चित्र बांधतो.

चेहऱ्यांचंही तसंच. ओळख पटणं आणि ओळखीची ऊब वाटणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं मुख्यतः मेंदूच्या खालच्या-मागच्या भागात होतं, दुसऱ्यासाठी भावनांच्या यंत्रणेशी जोड लागते. ती जोड तुटली तर माणूस आईकडे बघून म्हणतो, हुबेहूब आईसारखी दिसते, पण ही आई नाही, कुणी तोतया आहे. याला काप्ग्रा भ्रम म्हणतात. जोझेफ काप्ग्रा यांनी १९२३ मध्ये त्याची नोंद केली. तमिळनाडूत जन्मलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी अभ्यासलेल्या एका रुग्णाला आईवडील समोर आले की तोतये वाटत, पण फोनवर बोलताना त्यांच्याबद्दल काहीच शंका नसे. आवाजाची वाट शाबूत होती, चेहऱ्याची तुटली होती.

इतके वेगवेगळे भाग वेगवेगळी कामं करतात, तर मग आपल्याला आपण एकच का वाटतो? याचा एक धागा १९६० आणि ७० च्या दशकांत सापडला. असह्य फिट्सवर उपाय म्हणून काही रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल, कॉर्पस कॅलोसम, कापला गेला. रॉजर स्पेरी आणि मायकल गाझानिगा यांनी अशा रुग्णांचा अभ्यास केला. स्पेरींना त्याबद्दल १९८१ चं नोबेल मिळालं. गाझानिगा आणि जोसेफ लेडू यांनी केलेला एक प्रयोग असा : एका तरुण रुग्णाच्या डाव्या अर्धाला, म्हणजे बोलणाऱ्या अर्धाला, कोंबडीचा पाय दाखवला. त्याच क्षणी उजव्या, मुक्या अर्धाला बर्फात बुडालेलं घर दाखवलं. मग समोर पसरलेल्या चित्रांतून जुळणारी चित्रं निवडायला सांगितली. उजव्या हाताने कोंबडी निवडली. डाव्या हाताने फावडं, कारण त्या हाताचा कारभार पाहणाऱ्या उजव्या अर्धाने बर्फ पाहिला होता. आता विचारलं, फावडं का? बोलणाऱ्या अर्धाला बर्फाची काहीच खबर नव्हती. प्रामाणिक उत्तर ‘माहीत नाही’ असायला हवं होतं. तो मात्र ताबडतोब म्हणाला, कोंबडीचा पाय कोंबडीचा, आणि खुराडं साफ करायला फावडं लागतंच की. खोटं बोलण्याचा हेतू नव्हता. त्याला ते खरंच वाटत होतं.

गाझानिगा यांनी या यंत्रणेला ‘इंटरप्रिटर’ म्हटलं, म्हणजे जे घडलं त्याचा अर्थ लावून देणारी. पूल शाबूत असलेल्या आपल्यातही ती काम करत असते, असं मानायला भरपूर आधार आहे. आपण चिडतो, आणि मग चिडण्याचं कारण शोधून काढतो. पूल तुटलेला माणूस स्वतःला एकच समजतो, ते बऱ्याच अंशी या अविरत चाललेल्या कथनामुळे असावं. हे कथनही एका जागी होत नाही. २००१ मध्ये मार्कस रेचल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आपण काहीच काम करत नसतो तेव्हा मेंदूतलं एक जाळं जोमाने चालतं. त्यात कपाळामागचा मधला भाग, मेंदूच्या मागच्या बाजूचा मधला भाग आणि काही बाजूचे भाग येतात. स्वतःबद्दलचे विचार, जुन्या आठवणी, उद्याचे बेत, लोक आपल्याला काय म्हणतील हे सगळं याच जाळ्याच्या आधाराने.

‘केंद्र’ हा शब्द म्हणून जपून वापरावा लागतो. उजव्या मेंदूची माणसं कलावंत आणि डाव्या मेंदूची हिशेबी, हे तर सरळ चूक आहे. युटा विद्यापीठात २०१३ मध्ये हजाराहून अधिक लोकांचे मेंदू-स्कॅन तपासले गेले, त्यात अशी एकबाजूची माणसं सापडली नाहीत. तरीही आपल्याकडे याच शब्दांचा बाजार चालतो. ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’च्या नावाखाली मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावतात. खऱ्या मिडब्रेनचं काम डोळ्यांच्या हालचाली, सावधपणा, डोपामिन या रसायनाची निर्मिती असं आहे, पट्टीतून वाचणं नाही. मुलं वाचतात ती पट्टी आणि नाक यांमधल्या फटीतून. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने हे वारंवार उघड केलं आहे. बोटांच्या ठशांवरून मुलाचा मेंदू आणि करिअर सांगणाऱ्या डीएमआयटी चाचणीलाही शास्त्रीय आधार नाही, हे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने जाहीर केलेलं आहे. पालक या गोष्टींवर हजारो रुपये घालतात आणि मुलाच्या मनात ‘मी असाच आहे’ हा शिक्का बसतो, याचं मला जास्त वाईट वाटतं.

राहिला प्रश्न आठवणी गेलेल्या आपल्या माणसांचा. अल्झायमरची झीज बहुधा हिपोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागापासून सुरू होते, म्हणून कालचं जेवण विसरतं आणि लहानपणचं घर आठवतं. भावनांच्या यंत्रणा त्या मानाने उशिरापर्यंत चालू राहतात. आयोवातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हिपोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांना आणि २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना आधी दुःखी, मग आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने विचारलं, काय पाहिलं? बऱ्याच जणांना जवळजवळ काही सांगता आलं नाही, काहींना तर काही पाहिल्याचंच आठवेना. मनातली खिन्नता किंवा प्रसन्नता मात्र टिकून होती. २०१४ च्या अभ्यासात अल्झायमरच्या ज्या रुग्णांना दुःखी चित्रफितीतलं कमी आठवलं, त्यांची खिन्नता उलट जास्त वेळ टिकली. उदास का वाटतंय याचं कारणच हाती नसल्याने ते बाजूला ठेवता येत नसावं, असा एक अर्थ लावता येतो. तेव्हा रविवारी भेटून आलात आणि सोमवारी आजी म्हणाल्या की महिनाभर कुणी फिरकलं नाही, तरी पुढच्या रविवारी जावं. आणि "आत्ताच तर सांगितलं, किती वेळा विचारशील!" असं आपण खेकसलो तर ते शब्द पाच मिनिटांत पुसले जातात, पण संध्याकाळभर आजी गप्प का बसल्यात, हे त्यांना सांगता येणार नाही.